तालुक्याच्या प्रस्तावासाठी एनएसएस, एनएफएचएसचे आकडे कितपत चालतात?

माळरान

आमच्या संस्थेला जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव द्यायचा आहे. विषय दोन: रेशनमधून सुटलेली कुटुंबं आणि पाच वर्षांखालच्या मुलांचं कुपोषण. तालुका मराठवाड्यातला, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ लाख ८० हजारांच्या आसपास. "अधिकृत आकडे जोडा" एवढंच सांगण्यात आलं आहे.

१) राष्ट्रीय नमुना पाहणी (एनएसएस) किंवा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (एनएफएचएस) यातून तालुक्याचा आकडा निघतो का?
२) एनएसएसचा मूळ डेटा फुकट मिळतो, पण फाइल उघडली की नुसत्या अंकांच्या रांगा दिसतात. पुढे काय करायचं?
३) जरा तिरकस विचारतो. सरकारी पैशातून एवढ्या पाहण्या होतात, त्या धोरण ठरवताना कुणी उघडून बघतं का?

---

गुणकशंभर

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तुमच्या रेशनच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

तहसीलमध्ये "इष्टांक (म्हणजे रेशन लाभार्थ्यांची ठरलेली कमाल संख्या) संपला" हे उत्तर ऐकलं असेलच. हा इष्टांक आला कुठून? २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने देशपातळीवर ग्रामीण ७५ टक्के आणि शहरी ५० टक्के लोकसंख्येची मर्यादा घातली. मग कोणत्या राज्याला किती, हे तेव्हाच्या नियोजन आयोगाने एनएसएसच्या २०११-१२ च्या उपभोग खर्च पाहणीवरून काढलं. महाराष्ट्राच्या वाट्याला आलं ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के. ही टक्केवारी २०११ च्या जनगणनेला लावली की सुमारे ७ कोटी लाभार्थी होतात, आणि तोच राज्याचा इष्टांक. तो पुढे जिल्हा, तालुका असा वाटला जातो. म्हणजे पाहणी कुणी बघतं का, तर एकदा बघितली आणि तिच्यावर कायमचं कुलूप लावलं. लोकसंख्या वाढली, कुटुंबं फुटली, आकडा तिथेच.

म्हणून प्रस्तावात "पात्र कुटुंबं वगळली" एवढंच लिहून भागणार नाही. दोन याद्या वेगळ्या करा. एक, ग्रामीण भागातली ४४ हजार रुपयांची वार्षिक उत्पन्न मर्यादा (शहरी ५९ हजार) ओलांडत नाहीत, अर्ज केला आहे, तरी इष्टांक भरल्यामुळे बाहेर आहेत अशी कुटुंबं. दोन, कार्ड आहे पण सुनेचं किंवा मुलांचं नाव चढलेलं नाही अशी. पहिल्या यादीचा उपाय जिल्ह्याबाहेर आहे. तालुक्यात करता येतं ते एवढंच की मयत, स्थलांतरित आणि दुबार नावं कमी करून जागा मोकळी करायची. दोन्ही याद्या एकत्र केल्या तर पुरवठा विभाग पहिलीचं उत्तर देईल आणि दुसरीही त्याच फायलीत झोपेल.

---

पायथा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर नोंदणी करून डेटा घेतला असेल, तर त्यासोबत एक्सेलमध्ये एक 'लेआउट' फाइलही येते. कुठल्या स्थानापासून किती अंक म्हणजे काय, ते तिच्यात असतं. ती न लावता मजकूर फाइल उघडली की अंकांची खिचडीच दिसणार. आर, स्टाटा, असं कुठलंही सांख्यिकी सॉफ्टवेअर चालेल. एक्सेलच्या नादाला लागू नका, ओळी मावत नाहीत.

चुका बहुतेक पुढच्या ठिकाणी होतात.

गुणक. प्रत्येक कुटुंबाला एक गुणक असतो, म्हणजे ते कुटुंब किती कुटुंबांचं प्रतिनिधित्व करतं तो आकडा. तो फाइलमध्ये शंभरपट लिहिलेला असतो, म्हणून १०० ने भागायचा. पाहणीच्या जुन्या फेऱ्यांमध्ये नमुन्याचे दोन भाग, म्हणजे उपनमुने असत. तिथे फाइलमधले 'NSS' आणि 'NSC' नावाचे दोन रकाने सारखे असतील तर १०० ने, वेगळे असतील तर २०० ने भागायचं. श्रमबल (रोजगार-बेरोजगारीच्या) पाहणीच्या जुन्या वार्षिक फाइलमध्ये शिवाय तिमाह्यांच्या संख्येनेही भागावं लागतं. हे विसरलं की टक्केवारी बरी दिसते, पण एकूण लोकसंख्या चौपट येते. म्हणून सगळ्यात आधी राज्याची एकूण लोकसंख्या काढून बघा. ती जुळली नाही तर पुढे जाऊच नका.

गुणक न लावता सरळ सरासरी काढणं हा दुसरा प्रकार. २०२२-२३ च्या पाहणीत प्रत्येक गावातून किंवा शहरी गटातून १८ कुटुंबं घेतली. ती निवडताना ग्रामीण भागात जमीन आणि शहरात चारचाकी बघून थर पाडले होते. त्यामुळे चारचाकीवाली कुटुंबं नमुन्यात त्यांच्या खऱ्या प्रमाणापेक्षा जास्त येऊ शकतात. गुणक तो तोल सावरतो.

आणि माणशी आकडा हवा असेल तर गुणकाला कुटुंबातल्या माणसांच्या संख्येने गुणायचं. गरीब कुटुंबं सहसा मोठी असतात, हे केलं नाही की गरिबी कमी दिसते.

आता जिल्ह्याचं गणित. समजा तुमच्या जिल्ह्यात ३० गावं-गट आले, म्हणजे ५४० कुटुंबं. एखादी गोष्ट ३० टक्के कुटुंबांत आढळली. साध्या यादृच्छिक नमुन्यात चूक अधिक-उणे ४ टक्क्यांच्या आत असती. पण एकाच गावातली १८ कुटुंबं एकमेकांसारखी असतात, म्हणून विचरण (आकड्यातल्या चढउताराचं माप) दुप्पट धरलं तर साडेपाच टक्के. म्हणजे खरा आकडा साडेचोवीस ते साडेपस्तीसच्या दरम्यान कुठेही. त्यातली फक्त ६० आदिवासी कुटुंबं वेगळी काढली तर अधिक-उणे १६! हा आकडा कागदावर छापायच्या लायकीचा नाही. तालुक्याचा तर विषयच सोडा, गावं आणि कुटुंबं त्या हिशेबाने निवडलेलीच नसतात. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय केंद्राशी जुळता असा वेगळा राज्य नमुना घेतं. दोन्ही एकत्र केले तर जिल्ह्याची पकड थोडी सुधारते. जिल्हा सांख्यिकी कार्यालयात चौकशी करा.

---

कोरडवाहू

कुपोषणासाठी एनएफएचएस-५ चं जिल्हा तथ्यपत्रक वापरा. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेलं हे काम आहे. पण तथ्यपत्रकातले कंस आणि तारका वाचायला शिका. आकडा कंसात असेल तर तो फक्त २५ ते ४९ नोंदींवर उभा आहे. नुसती तारका असेल तर नोंदी २५ पेक्षा कमी, म्हणून आकडा छापलेलाच नाही. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांचा आहार वगैरे ओळींत हे हमखास दिसतं. कंसातला आकडा उचलून "जिल्ह्यात केवळ अमुक टक्के" असा मथळा केला, की सभागृहातला एखादा जाणकार अधिकारी तिथेच प्रस्ताव पाडतो.

जुन्या-नव्याची तुलना करताना जिल्ह्याच्या हद्दी बघा. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, पण २०१५-१६ चं एनएफएचएस-४ जनगणना २०११ च्या ६४० जिल्ह्यांवर चाललं. म्हणजे तिथल्या 'ठाण्या'त जव्हार-मोखाडा हे आदिवासी तालुके आहेत, एनएफएचएस-५ च्या ठाण्यात नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून ठाण्यातलं कुपोषण घटलं म्हणणारे आहेत. मराठवाड्यात ही अडचण नाही, पण ऋतूची आहे. महाराष्ट्रातलं एनएफएचएस-५ चं क्षेत्रकाम २०१९ च्या उत्तरार्धात झालं, कोविडच्या आधी. उंचीनुसार वजन पावसाळ्यात आणि सुगीनंतर सारखं नसतं. वयानुसार उंची, म्हणजे खुजेपणा, इतका हलत नाही. तुलना करायचीच तर खुजेपणाची करा.

अंगणवाडीचे आकडे याच्याशी जुळणार नाहीत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तिथे नोंद झालेली आणि वजन-उंची घेतलेली मुलं मोजली जातात. सर्वेक्षणात घर निवडलं जातं, मूल अंगणवाडीत जातं की नाही याचा संबंध नाही. दोन्ही आकडे द्या आणि छेद काय आहे, म्हणजे टक्केवारी कोणत्या मुलांपैकी काढली, ते शेजारी लिहा.

---

तिरकी रेघ

इथे सगळंच फार गोड चाललंय, म्हणून थोडं मीठ.

२०१७-१८ ची उपभोग खर्च पाहणी पूर्ण झाली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये मंत्रालयाने माहितीच्या दर्जाचं कारण देत निकाल जाहीर करणार नसल्याचं सांगितलं. क्षेत्रकामाचा पैसा गेला तो गेलाच, पण खरा फटका पुढे बसला. २०१२ पायाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्य-पेयांचं वजन ४५.८६ टक्के होतं, तेही २०११-१२ च्याच खर्चावरून. लोकांची खरेदी बदलली तरी रिझर्व्ह बँक त्याच जुन्या टोपलीवर महागाईचं लक्ष्य मोजत राहिली.

पद्धत बदलली की काय होतं हेही विसरू नका. एनएसएसच्या १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत एकाच कुटुंबाला गेल्या ७ दिवसांचा आणि गेल्या ३० दिवसांचा खाण्याचा खर्च शेजारी-शेजारी विचारला. माणूस दोन उत्तरं एकमेकांशी जुळवून देतो, तसंच झालं. ३० दिवसांचा आकडा फुगला आणि गरिबी २६.१ टक्क्यांवर उतरली. ती खरी किती उतरली यावर अर्थतज्ज्ञ कितीतरी वर्षं भांडले. आजचं उदाहरण: ग्रामीण माणशी मासिक खर्च २०११-१२ मध्ये १,४३० रुपये आणि २०२२-२३ मध्ये ३,७७३. प्रस्तावात "अडीच पटींहून जास्त वाढ" लिहाल तर फसाल. २०११-१२ च्या किमतींना आणलं की तो २,००८ होतो. शिवाय मधल्या काळात वस्तूंची यादी ३४७ वरून ४०५ वर गेली आणि एका भेटीऐवजी तीन महिन्यांत तीन भेटी झाल्या.

तरीही जुनं एक उदाहरण या पाहण्यांच्या बाजूने देतोच. १९७१ मध्ये पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळायला १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, आणि ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के, शहरात सुमारे ५० टक्के लोक त्याखाली आहेत, असं त्यांनी दाखवलं. उपाय सुचवला ग्रामीण सार्वजनिक कामांचा. अभ्यासाचा पैसा फोर्ड फाउंडेशनचा होता, पण आकडे एनएसएसचे. सरकारी पैसा अशाच ठिकाणी लागावा असं माझं मत: कुणालाही वापरता येईल, आणि सरकारच्या विरोधातही वापरता येईल, अशा कच्च्या मालावर.

खात्यांनी स्वतःच्याच योजनांचे करून घेतलेले मूल्यमापन अहवाल मात्र निम्म्याहून जास्त वेळा कपाटात जातात असा माझा अंदाज. कारण साधं आहे. अहवाल येतो तोवर पुढच्या वर्षाची तरतूद झालेली असते, आणि 'योजना चालू ठेवावी का' हा प्रश्न संदर्भ अटींत (अभ्यासात काय तपासायचं याच्या ठरावात) नसतोच. तुमच्या विषयावर असा अहवाल असेल तर माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. नुसता "अहवाल" मागू नका. संदर्भ अटी, प्रश्नावली आणि नावं काढलेली मूळ माहिती, हे तिन्ही नाव घेऊन लिहा.

---

माळरान

रेशनच्या याद्या वेगळ्या करतो. म्हणजे तालुक्याचा कुपोषणाचा आकडा आम्हालाच काढावा लागणार. चार-पाच जणांच्या टीमला झेपेल असं काही?

---

कोरडवाहू

३० गट (म्हणजे निवडलेली गावं) गुणिले ७ मुलं, एकूण २१०. लसीकरणाच्या पाहण्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने रूढ केलेली पद्धत. चूक अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत राहते. तालुक्याला एवढं पुरतं, पण त्यातून पुन्हा मुली-मुलगे, जातवार असे तुकडे पाडू नका.

जनगणनेची गावयादी घ्या, लोकसंख्येची बेरीज पुढे-पुढे मांडत जा. १,८०,००० भागिले ३० म्हणजे अंतर ६,०००. एक ते ६,००० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा. समजा २,४१७ आला. ज्या गावाच्या बेरजेत २,४१७ पडतो ते पहिलं, मग ८,४१७, मग १४,४१७. मोठं गाव दोनदा आलं तर तिथे दोन गट.

गावात गेल्यावर ग्रामपंचायतीपासून सुरू करून गावठाण फिरलात तर वस्त्या आणि तांडे राहतात, आणि तिथलीच मुलं तुम्हाला हवी आहेत. आधी सगळ्या वस्त्यांची यादी करा, त्यातून एक चिठ्ठीने काढा, तिथल्या घरांना क्रमांक द्या, पहिलं घर पुन्हा चिठ्ठीने.

बंद घराच्या जागी शेजारचं घर घेऊ नका. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत पाहणी केली आणि कुलपं सोडून पुढे गेलात तर गावात राहिलेल्यांचंच कुपोषण मोजलं जाईल. एक तर जून-जुलै धरा, नाहीतर बंद घर 'बंद' म्हणूनच नोंदवा आणि त्यांची संख्या अहवालात द्या.

वजनकाटा रोज सकाळी ठरलेल्या वजनाने तपासा. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घ्या, उभं करून नाही, आणि फळ्यावर दोन माणसं लागतात: एक डोकं धरायला, एक गुडघे दाबून पावलांशी पट्टी लावायला. जन्मतारीख आईला तोंडी विचारून लिहू नका, लसीकरण कार्ड बघा. वयात दोन महिन्यांची चूक झाली तरी खुजेपणाचा आकडा हलतो.