सल्ला हवा: कायद्यातल्या प्रस्तावित बदलावर टिपण लिहायचंय, कुणाची बाजू न घेता

तासगावचा_द्राक्षवाला
मंडळी, मी गावच्या विकास सोसायटीचा साधा सभासद. चार ओळी बऱ्या लिहितो म्हणून १९६० च्या सहकार कायद्यात येऊ घातलेल्या दुरुस्तीवर टिपण लिहायचं काम गळ्यात पडलंय. मसुदा पारावर वाचला. पहिलंच वाक्य: ‘या दुरुस्तीमुळे सभासदांना मोठा दिलासा मिळणार.’ निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी विचारलं, ‘चेअरमननं किती दिलं?’ मी कुणाचाच नाही हो! कसं लिहू?

कराडचे_काका
विधेयक मागून वाचा. शेवटी मूळ कायद्यातले बदलणारे उतारे जोडलेले असतात. आत नुसतं ‘या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल’. त्यातून डोंबल कळत नाही. वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे जुनं वाक्य, उजवीकडे नवं, बदललेल्या शब्दाखाली रेघ. सहकार खात्यात होतो तेव्हा मी हेच करायचो. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ हे सरकारचं म्हणणं. घ्या, पण ‘सरकारच्या म्हणण्यानुसार’ असं लावून. क्रियापद सोडू नका: ‘निबंधक चौकशी करील’ आणि ‘निबंधकास चौकशी करता येईल’, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. आणि ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ दिसलं की समजा, खरं काय ते नियम आल्यावर कळणार.

सांगली_कोर्टवाली
काका, वही दुमडायची युक्ती मी उचलली. दादा, हा बदल करायचा अधिकार कुणाचा, तेही बघा. एफआरपीचंच, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायच्या किमान दराचंच घ्या. ऊस दिल्यावर १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, हे केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. राज्यानं फेब्रुवारी २०२२ मध्ये जीआर काढून दोन हप्त्यांची सोय केली, ती मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली. २०२२ साली ‘आता एफआरपी दोन हप्त्यांत’ एवढंच लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं नव्हतं, पण मूळ आदेश कुणाचा हे सांगायचं राहिलं.

मिरज_जंक्शन
सोप्पं आहे राव. पाच ओळी बाजूनं, पाच विरोधात. मिटलं!

कराडचे_काका
मिटत नाही भावा. दहा जणांचा फायदा आणि दोनशे जणांना भुर्दंड असेल, तर पाच-पाच ओळी म्हणजे त्या दहांचीच बाजू. कुणाला काय करावं लागणार, किती दिवसांत, नाही केलं तर काय, एवढं लिहा. ‘दिलासा’, ‘घाला’, ‘ऐतिहासिक’ हे पारावरच्या लोकांना म्हणू द्या.

तासगावचा_द्राक्षवाला
रात्री पान दुमडून बसलो. ज्याला दिलासा म्हणत होतो तिथंच ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’! आता पहिलं वाक्य: ‘सवलत कुणाला आणि किती, हे विधेयकात नाही, ते नंतर होणाऱ्या नियमांत ठरेल.’ शनिवारी परत पारावर वाचतो. आधी चेअरमनना दाखवू का?

सांगली_कोर्टवाली
दाखवा की. पण त्यांच्या विरोधकांनाही त्याच दिवशी.