मदत हवी आहे: मॅजिस्ट्रेट जजसाठी संमती द्यावी का? (अमेरिका)

मृद्गंध_७१
फेडरल कोर्टातून संमतीचा फॉर्म आलाय. सही केली तर डिस्ट्रिक्ट जजऐवजी मॅजिस्ट्रेट जजच केस चालवून निकाल देणार. सही करू का? नकार दिला तर जज डूख धरतील का? शुक्रवारपर्यंत पाठवायचाय, लवकर सांगा.

खानदेशी_टेक्सास
राज्य कोणतं? केस कशाची? वकील काय म्हणतात?

ठाणेकर काका
अजिबात सही करू नका. माझी चेक बाउन्सची केस मॅजिस्ट्रेटपुढे वर्षानुवर्षं रखडली. निकाल लागला तरी पुढे सेशन्स, मग हायकोर्ट. जन्म जातो.

ओहायोची_मंजिरी
काका, इथे तशा पायऱ्या नाहीत. संमती दिली तर अपील थेट सर्किट कोर्टात, म्हणजे फेडरल अपील कोर्टात जातं. आणि मृद्गंध, डूख धरायचा प्रश्नच नाही. फॉर्म क्लार्ककडे जातो आणि सगळ्यांनी होकार दिला तरच जजना कळवतात. फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम ७३ मध्ये तसं स्पष्ट आहे.

मृद्गंध_७१
न्यू जर्सी, नेवार्क. जुन्या कंपनीने ओव्हरटाइम बुडवला, त्याची केस. वकील नाही, मीच लढतोय.

डेट्रॉइटचा_नाना
बिनधास्त सही करा. माझ्या अपघाताच्या केसमध्ये मी दिली होती. ठरलेल्या तारखेला ट्रायल उभी राहिली, ज्युरीही मिळाली. डिस्ट्रिक्ट जजकडे फौजदारी खटले आधी घ्यावे लागतात, दिवाणी मागे ढकलले जातात.

खानदेशी_टेक्सास
नाना, तुमच्याकडे वकील होता. डिस्ट्रिक्ट जजची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट मंजुरी देतं, पद तहहयात. मॅजिस्ट्रेट जजना डिस्ट्रिक्ट जजच ८ वर्षांसाठी नेमतात. मी तरी हक्क सोडणार नाही.

डेट्रॉइटचा_नाना
नेमणूक कोणी केली याने निकाल लवकर लागत नाही. दोघांनाही कायदा तोच.

ओहायोची_मंजिरी
वकील नसताना दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संमती नसेल तर केस निकालात काढायच्या अर्जावर मॅजिस्ट्रेट जज फक्त शिफारस करतात. तुम्ही १४ दिवसांत हरकत घेतलीत की डिस्ट्रिक्ट जज तो भाग नव्याने तपासतात. सही केलीत की ती संधी गेली, आणि असाधारण कारणाशिवाय संमती मागे घेता येत नाही.

सॅनहोझेकर
एच-१बी व्हिसावर (नोकरीचा व्हिसा) आहात का? पगार बुडवला असेल तर लेबर डिपार्टमेंटकडे १२ महिन्यांच्या आत तक्रार करा. कोर्टापेक्षा तेच बरं.

मृद्गंध_७१
मी ग्रीन कार्डवर आहे. विषय फॉर्मचा आहे हो.

ओहायोची_मंजिरी
समोरच्यांनी संमती दिली का? प्रतिवादी किती?

मृद्गंध_७१
कंपनी आणि मालक. कंपनीचा वकील तयार आहे म्हणाला. मालकाला समन्स अजून बजावलं गेलेलं नाही, पत्ता बदललाय.

ओहायोची_मंजिरी
हे आधी सांगायला हवं होतं! संमती सगळ्या पक्षांची लागते. मालक केसमध्ये आहे आणि त्याची संमती नाही, तोवर तुमच्या सहीवर केस मॅजिस्ट्रेट जजकडे जाणार नाही. शिवाय समन्स बजावायला दावा दाखल केल्यापासून ९० दिवस असतात. कधी संपतात?

मृद्गंध_७१
पुढच्या आठवड्यात. वाढवून मिळतात का?

ओहायोची_मंजिरी
योग्य कारण दाखवलं तर मिळतात. मुदत संपायच्या आत अर्ज टाका. पत्ता शोधायला काय काय केलंत ते तारखांसकट लिहा, परत आलेली पाकिटं जोडा. हे उद्याच करा.

डेट्रॉइटचा_नाना
हे मात्र खरं. आधी समन्स, मग सही.