अनुभव धागा : रंगमंचावरून पडद्यावर, कानात आणि मोबाइलवर

गाजलेले मराठी नाटक रंगमंच सोडून दुसऱ्या माध्यमात जाते तेव्हा नेमके काय गळते आणि काय नव्याने सापडते, याविषयी ज्यांनी असे काम केले आहे किंवा मूळ प्रयोग आणि रूपांतर जवळून अनुभवले आहे, त्यांनी येथे लिहावे. ‘जुने तेच सरस’ एवढ्यावर न थांबता एखादा प्रवेश वा पद धरून लिहिल्यास अधिक बरे.

हौशी नाट्यकर्मी, नाशिक
आमच्या मंडळींनी गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ श्राव्य रूपात करायला घेतले. १९१९ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकाची भाषा आज कानाला जड जाईल अशी भीती होती. अडवले मात्र जात्याने. सिंधूच्या दळणाच्या प्रवेशासाठी गावाकडून खरे जाते आणले, परंतु त्याची घरघर माइकमध्ये इतकी भरली की सिंधू जणू शेजारच्या घरातून बोलत होती. अखेर आधी नुसते दळण ऐकवले आणि ती बोलू लागताच जाते थांबवले. तिचा हात थांबला हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. तळीरामाने काहीच त्रास दिला नाही. त्याची वाक्ये डोळे मिटून ऐकली तरी हशा पिकतोच.

श्रोता, पुणे
वडिलांनी ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब पाहिले होते, मी २०१५चा चित्रपट. ‘घेई छंद मकरंद’च्या दोन चालींतून दोन गायकींचा स्वभाव ऐकवण्याची अभिषेकीबुवांची योजना चित्रपटानेही राखली, याचे मला अप्रूप वाटले. वडिलांची तक्रार निराळी होती : वन्समोअर मिळाल्यावर तेच पद दुसऱ्यांदा वेगळे व्हायचे, पडद्यावर ते कितीही वेळा पाहिले तरी जसेच्या तसे. तरीही सचिन पिळगावकर यांच्या खाँसाहेबांना राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा, आवाज लाभला तेव्हा वडील डोळे मिटून बसले होते. पुढे कोणाचा चेहरा आहे, हा प्रश्न त्यांनी तसा सोडवला.

वाचक, बेळगाव
तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा प्रयोग मला कधी लाभला नाही. सत्यदेव दुबे यांच्या १९७१च्या चित्रपटात रंगमंचावरच्याच सुलभा देशपांडे भेटल्या, अन्यथा बेणारेबाई माझ्यासाठी पुस्तकातच राहिल्या असत्या.

शिक्षिका, ठाणे
‘ती फुलराणी’तले मंजुळेचे स्वगत मी शाळेच्या स्नेहसंमेलनात केले होते. यंदा मुलीने ते रीलसाठी निवडले आणि सुरुवातीचा दुखावलेपणा कापून थेट धडा शिकवण्याच्या धमकीपाशी उडी घेतली. अपमान दिसलाच नाही तर राग कशाचा, असे मी विचारल्यावर तिने दोन रील केल्या. दुसरी पुष्कळांनी पाहिली. पहिलीपर्यंत आमचे नातेवाईकच पोहोचले.