हेडफोन: सोनी ७५०६ की एम४०एक्स? शूट जवळ आलंय, लवकर सांगा

अधांतरी_फ्रेम
जाणकारांची मदत हवी आहे. शॉर्टफिल्म करतेय. मागच्या फिल्मचे संवाद एडिटला बसल्यावर ऐकवेनात. खाली सतत सूंऽऽ आवाज, आणि माणसं रिकाम्या हॉलमध्ये बोलल्यासारखी घुमतात. सेटवर कुणालाच काही जाणवलं नाही, म्हणून या वेळी चांगले मॉनिटरिंग हेडफोन घ्यायचं ठरवलंय. वाचून वाचून दोनच उरलेत: सोनी एमडीआर-७५०६ आणि ऑडिओ टेक्निका एटीएच-एम४०एक्स. कोणता घेऊ? बजेट खरंच कमी आहे, त्यामुळे "थोडं वाढवा" हे उत्तर नको. शूट पुढच्या आठवड्यात आहे. आगाऊ धन्यवाद.

कानसेन
डोळे झाकून ७५०६. १९९१ पासून बाजारात आहे आणि लोकेशन साउंड करणाऱ्यांच्या गळ्यात आजही तोच दिसतो. वरच्या पट्टीतलं जरा जास्त स्पष्ट ऐकवतो. गाणी ऐकायला ते काहींना टोचतं, पण सेटवर नेमकं तेच हवं असतं. कॉलर माइकवर शर्ट घासला, लांब कुठे पंखा फिरतोय, माइकचा हिस (बारीक सळसळ), सगळं लगेच कानावर येतं. ६३ ओहम आहे (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध, फार जास्त असला की छोट्या यंत्रावर आवाज बारीक येतो), छोट्या रेकॉर्डरवरही पुरेसा मोठा वाजतो. घडी होते. इअरपॅडचं वरचं कातडं काही काळाने सोलपटतं, पण पॅड बदलून मिळतात.

सरळसोट
कॅमेरा कोणता? माइक कोणता? वेगळा रेकॉर्डर आहे का? एवढं सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

पिच्चरप्रेमी
कानसेन, ७५०६ ची वायर काढता येत नाही, हे का नाही सांगत? सेटवर सगळ्यात आधी वायरच जाते. कुणाचा तरी पाय अडकतो, जॅकपाशी तुटते, मग सोल्डरिंग करत बसा. एम४०एक्सची वायर निघते, खोक्यात दोन येतात, एक गुंडाळीची आणि एक सरळ. ३५ ओहम, म्हणजे मोबाइलवरही दणदणीत. आणि आवाज ७५०६ पेक्षा सपाट, म्हणजे कुठलीच पट्टी मुद्दाम न उचललेला, त्यामुळे शूट झाल्यावर त्याच हेडफोनवर एडिटही करता येतं. बजेट कमी असेल तर एकाच वस्तूत दोन कामं झाली पाहिजेत.

कानसेन
सेटवर सपाट आवाज काय कामाचा? तिथे मिक्सिंग करत नाही आपण, दोष शोधतो. दोष ठळक दाखवणारा हेडफोन हवा.

पिच्चरप्रेमी
आणि तोच ठळकपणा एडिटला घात करतो. वरची पट्टी टोचते म्हणून माणूस ती कापतो, मग दुसरीकडे ऐकल्यावर संवाद ब्लँकेटखालून आल्यासारखे वाटतात.

मधली_सुट्टी
माझ्याकडे आवाज बंद करणारे ब्लूटूथ हेडफोन आहेत. बाहेरचं काहीच ऐकू येत नाही, जबरदस्त आहेत. वायरची भानगडच नाही. तसे बघा की.

बूमवाली
मधली_सुट्टी, शूटसाठी ते नकोत. ब्लूटूथचा आवाज उशिरा पोहोचतो. बऱ्याच हेडफोनवर सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. शिवाय ब्लूटूथ आवाज दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवतं, त्यातून ऐकलेला हिस खरा की हेडफोनचा, हे ठरवता येत नाही. वायरचेच हवेत. आणि बाहेरचं आपल्या कानाशी अडवायला मागून बंद असलेले, म्हणजे क्लोज्ड बॅक. उघडे घेतलेत तर तुम्हाला खोलीतला खरा आवाजही ऐकू येतो आणि माइकने नेमकं काय पकडलं हे कळतच नाही. उलट हेडफोनमधला आवाज गळून माइकमध्ये जातो तो वेगळाच.

अधांतरी_फ्रेम
सर्वांना धन्यवाद. सरळसोट, एन्ट्री लेव्हलचा डीएसएलआर आहे, माइक पण आहे, शॉटगन (लांब नळीचा, समोरचा आवाज पकडणारा). रेकॉर्डर नाही. पण प्रश्न हेडफोनचा आहे. दोघांपैकी एक नाव सांगितलंत तरी चालेल, आजच ऑर्डर करायचीय.

रानवारा
माझं मत विचाराल तर आधी प्रकाशावर खर्च करा. नवीन मुलं आवाजामागे धावतात आणि फ्रेम मातीची दिसते. ५० एमएम १.८ ची लेन्स आणि एक मोठा पांढरा थर्माकोल, एवढ्यात चेहरे उजळतात.

सरळसोट
थांबा, आज ऑर्डर करू नका. माइक शूटच्या वेळी नेमका कुठे असतो? आणि कॅमेऱ्याला हेडफोन लावायला वेगळं भोक आहे का?

अधांतरी_फ्रेम
माइक कॅमेऱ्यावर, वरच्या पट्टीत बसवलेला. भोक एकच आहे ३.५ चं, त्यात माइक लागतो.

सरळसोट
मग हे हेडफोन तुम्ही लावणार कुठे?

स्पष्ट सांगतो. ७५०६ घ्या की एम४०एक्स, या कॅमेऱ्यावर शूट चालू असताना दोन्ही मुके. टेक संपल्यावर कार्ड लॅपटॉपला लावूनच ऐकता येईल.

चकवा
वाय स्प्लिटर घ्या ना. माइकच्या भोकाला स्प्लिटर, एका फाट्यात माइक, दुसऱ्यात हेडफोन. अगदी थोडक्यात काम होतं.

बूमवाली
नाही होत. ते इनपुट आहे. माइकमधून येणारा सिग्नल इतका बारीक असतो की त्यावर हेडफोन वाजत नाही, उलट हेडफोनच्या कमी ओहममुळे माइकचा सिग्नलच खाली बसेल. अधांतरी_फ्रेम, कृपया हे करू नका.

चकवा
बरं, मग एचडीएमआय? बाहेरचा छोटा मॉनिटर लावला तर त्याला बऱ्याचदा हेडफोनचं भोक असतं.

बूमवाली
हो, ही वाट खरी आहे. पण काही कॅमेरे रेकॉर्डिंग चालू असताना एचडीएमआयमधून आवाज सोडत नाहीत, आणि मॉनिटरवर आवाज थोडा मागेही पडू शकतो. आधी कुणाचा तरी मॉनिटर आणून लावून बघा. फक्त आवाजासाठी मॉनिटर विकत घेणं या बजेटमध्ये मला पटत नाही.

सरळसोट
आता दुसरा मुद्दा. घुमणं हेडफोनने जाणार नाही. कॅमेरा नटापासून किती लांब असतो?

अधांतरी_फ्रेम
शॉटवर अवलंबून. वाइडला आठ-दहा फूट, क्लोजला चार-पाच. पण शॉटगन लांबून पकडते म्हणूनच घेतली होती. आणि सूंऽऽ विचित्र आहे, वाक्य संपलं की हळूहळू वाढतं आणि पुढचं वाक्य सुरू झालं की दबतं. त्याचं काय?

बूमवाली
हे आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, कारण अर्धं उत्तर यातच आहे.

वाक्यांच्या मध्ये वाढणारं सूंऽऽ म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लेव्हल ऑटोवर आहे. शांतता झाली की कॅमेरा "आवाज कमी पडतोय" असं समजून गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) चढवतो, आणि त्याबरोबर स्वतःच्या सर्किटचा हिस वर आणतो. व्हिडिओच्या मेन्यूत साउंड रेकॉर्डिंग मॅन्युअल करा. मोठ्यात मोठा संवाद -१२ डीबीच्या (डेसिबल) आसपास टेकेल असं लेव्हल लावा, ओरडण्याला जागा ठेवा. फुकटातला सगळ्यात मोठा फरक इथेच पडेल.

दुसरं म्हणजे अंतर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीने पडतो. दोन फुटांवरून आठ फुटांवर गेलात की थेट आवाज १२ डीबी खाली. खोलीतला प्रतिध्वनी मात्र जवळपास तितकाच राहतो, कारण तो चहूबाजूंनी येतो. म्हणून लांबून बोलणारा माणूस घुमतो. शॉटगन आवाज जवळ ओढून आणत नाही, ती बाजूचा आवाज कमी करते, आणि तेही बंद खोलीत नीट जमत नाही. भिंतींवरून आलेला आवाज तिच्या बाजूच्या चिरांमधून शिरतो आणि विचित्र रंग घेऊन बाहेर पडतो. खोलीत त्यापेक्षा छोटा हायपरकार्डिऑइड, म्हणजे अरुंद टप्प्यातलं ऐकणारा पण लांब नळी नसलेला माइक बरा. पण तुमच्याकडे शॉटगन आहे ना, तीच चालवू. फक्त ती कॅमेऱ्यावरून काढा आणि फ्रेमच्या कडेच्या लगेच वर, नटाच्या छातीकडे तोंड करून धरा.

पिच्चरप्रेमी
बूमसाठी, म्हणजे माइक नटाच्या वर धरायला, महागडी काठी नको. रंगारी वापरतात ती लांबणारी काठी चालते. टोकाला शॉकमाउंट (माइकचा लवचिक आधार) मात्र हवाच, नाहीतर हाताची प्रत्येक हालचाल माइकमध्ये उतरते.

कानसेन
हे सगळं बरोबर आहे, पण मुळात तिने हेडफोन विचारले होते. आणि जवळ नेलेला माइकही कुणीतरी ऐकायलाच लागतो.

निशाचर_२
आता ३२ बिट फ्लोट रेकॉर्डरचा जमाना आहे. झूम एफ३ घ्या आणि लेव्हल विसरा. त्यावर गेनचं बटणच नाही. कितीही ओरडा, नंतर खाली ओढा. हेडफोन, लेव्हल, ऑटो-मॅन्युअल, कशाचीच चिंता नाही.

बूमवाली
एफ३ चांगला आहे, मी वापरते. पण ३२ बिट फ्लोट रेकॉर्डरमध्ये आवाज फाटण्यापासून वाचवतो. माइकच्या आतलं सर्किट आवाजाने भरून फाटलं तर ते कशानेच परत येत नाही. घुमणारी खोली तशीच घुमते. शर्ट घासलेला घासलेलाच राहतो. आणि फ्रिजची घरघर ३२ बिटमध्ये फार सुंदर रेकॉर्ड होते. लेव्हल विसरा म्हणणं ठीक, ऐकणं विसरा म्हणू नका. शिवाय त्याला एक्सएलआर (तीन पिनांच्या जाड प्लगचे) माइक लागतात, यांचा ३.५ वाला दिसतोय.

निशाचर_२
पण नवख्या माणसाच्या हातून सगळ्यात जास्त चुका लेव्हलच्याच होतात. एक चिंता तरी कमी होते, एवढंच म्हणतोय.

जुनी_रीळ
इतकी धावपळ कशाला? सगळं डब करा. शूटला नुसता गाइड आवाज घ्या, नंतर कपाटात गोधड्या टांगून संवाद पुन्हा बोलून घ्या. मी तसंच करत आलोय.

कानसेन
डबिंगला ताकदीचे नट लागतात. नवखा नट सेटवर जे एकदा बोलून गेला ते तसं पुन्हा बोलत नाही. आणि मग पावलं, कपडे, कप, दार, खोलीची शांतता, सगळं वेगळं भरावं लागतं. स्वस्त वाटतं, पण वेळ प्रचंड खातं.

जुनी_रीळ
वेळ खातं, मान्य. पण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडे निदान वेळ तरी असतो.

पॉडकास्टकर
मी पॉडकास्ट सुरू करतोय. माझ्यासाठी एम४०एक्स बरा की एम५०एक्स?

अधांतरी_फ्रेम
लेव्हल मॅन्युअल करून आताच घरी तपासलं. बूमवाली ताई, सूंऽऽ वाढणं-कमी होणं पूर्ण थांबलं! माइक काढून जवळ धरला तर घुमणंही खूपच कमी. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता माझ्याकडे हेडफोनसाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत, त्यात ७५०६ किंवा एम४०एक्स येतो. तेवढ्यातच रेकॉर्डर आणि हेडफोन दोन्ही बसतील का? काय करू?

बूमवाली
मी तुमच्या जागी असते तर त्याच पैशांत दोन भाग केले असते. झूम एच१एन सारखा छोटा रेकॉर्डर, जमल्यास वापरलेला. त्याला ३.५ चं माइकचं भोक आहे आणि हेडफोनचं वेगळं. उरलेल्यात एटीएच-एम२०एक्स. तोही क्लोज्ड बॅक, ४७ ओहम, वायर निघत नाही, आवाज एम४०एक्सइतका बारकाईने दाखवत नाही. पण पंखा, फ्रिज, विमान, घासणारा शर्ट, तुटणारी वायर हे सगळं तो सांगतो आणि सेटवर ऐंशी टक्के काम तेवढंच असतं. रेकॉर्डर ४४.१ नाही, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट वेव्हवर ठेवा. कॅमेऱ्याचा आवाज चालूच राहू द्या, जुळवायला लागतो, आणि प्रत्येक टेकला टाळी.

हेडफोन बूम धरणाऱ्याच्या कानावर हवेत. माइक दोन इंच कुठे सरकवायचा, हे ऐकणाऱ्यालाच कळतं. तुमच्याकडे दुसरं माणूस नसेल तर काठी स्टँडवर बांधा आणि हेडफोन तुम्ही घाला.

कानसेन
एम२०एक्स मला पुरेसा वाटत नाही. हिसची जात त्यात ओळखू येत नाही. पण रेकॉर्डर घेऊन पैसे उरत नसतील तर मी अडवणार नाही. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० हेडफोनचा २५० ओहमवाला मॉडेल मात्र वापरलेला स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, छोट्या रेकॉर्डरवर तो पुरेसा मोठा वाजत नाही.

सरळसोट
फ्रिज बंद करणार असाल तर घराची किल्ली आत ठेवा. निघताना किल्ली हवीच असते, त्यामुळे फ्रिज पुन्हा चालू करायचं राहत नाही. आणि प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प उभं करून निदान तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटला संवादांमधल्या फटी त्यानेच बुजतात.

अधांतरी_फ्रेम
रेकॉर्डर मैत्रिणीकडे आहे असं आताच कळलं, एच१एनच! उसना देतेय. म्हणजे हेडफोनला सगळे पैसे मोकळे. मग परत तोच प्रश्न, ७५०६ की एम४०एक्स?

कानसेन
७५०६.

पिच्चरप्रेमी
एम४०एक्स. वायर लक्षात ठेवा.

बूमवाली
दोन्ही चालतील, जो आधी हातात पडेल तो घ्या. त्यापेक्षा एक सांगा, तुमच्या माइकमध्ये बॅटरी बसते का? आणि त्यावर +२० डीबीचं बटण आहे का? असेल तर एच१एनचं इनपुट खाली ठेवून माइकचं ते बटण चालू करा, हिस अजून उतरेल. नसेल तर रेकॉर्डरच्या मेन्यूत प्लग-इन पॉवर (माइकला वायरमधून मिळणारी वीज) चालू करावी लागेल का, ते माइकच्या कागदावर बघा.

अधांतरी_फ्रेम
बॅटरी बसते, ९ व्होल्टची. बटण आहे, मागच्या बाजूला. त्यावर आत्तापर्यंत कधी हातच लावला नव्हता.

बूमवाली
मग प्लग-इन पॉवर बंद राहू द्या. बॅटरी नवी घाला, आणि एक जादा खिशात ठेवा.