स्टार्ड्यू व्हॅलीतले घड्याळ: खेळाची लज्जत की डोक्याला ताप?

उसंत (धागाकर्ता):
परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली की मी स्विच या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर ‘स्टार्ड्यू व्हॅली’ उघडतो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, नोकरीला विटलेले एक पात्र आजोबांची पडीक शेती कसायला गावी येते, पिके घेते, कोंबड्या-गाई पाळते, मासे धरते आणि गावकऱ्यांशी ओळखी वाढवते. एरिक बॅरोन यांनी चारपाच वर्षे एकट्याने खपून २०१६ साली तो संगणकावर आणला आणि पुढच्याच वर्षी तो स्विचवर आला.

खेळ निवांत म्हणून नावाजला जातो, पण माझी तक्रार नेमकी त्या निवांतपणाबद्दल आहे. खेळातला दिवस सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दोनला संपतो आणि हे वीस तास आपल्या सुमारे चौदा मिनिटांत उरकतात. वसंत ऋतूच्या १३ तारखेला गावात अंड्यांचा उत्सव असतो व तिथेच स्ट्रॉबेरीचे बी मिळते. मी १०० मोहरांना एक या भावाने तीस बिया घेतल्या. उत्सव आटोपून घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले, म्हणजे माझ्या हाती जेमतेम पावणेतीन मिनिटे उरली. जमीन झाडाझुडपांनी भरलेली. ती साफ करायची, कुदळीने उकरायची, बी टाकायचे, झारीने पाणी घालायचे. घाईत कुदळीऐवजी टिकाव हाती आला आणि नऊ दिवसांचा फ्लॉवर मुळासकट उखडला गेला. नऊ बिया हातात असतानाच दोन वाजले, माझा शेतकरी वाफ्यातच कोसळला आणि सकाळी जाग आली तेव्हा खिशातल्या मोहराही कमी झालेल्या होत्या. दिवसभर कचेरीत घड्याळाकडे बघणाऱ्या माणसाने विरंगुळ्यासाठीही घड्याळाकडेच का बघावे?

तळ्यात_मळ्यात:
आपल्या फ्लॉवरबद्दल सहानुभूती आहे, परंतु त्या रात्रीच्या धावपळीला घड्याळ जबाबदार नव्हते. स्ट्रॉबेरीला पहिले फळ आठ दिवसांनी येते आणि त्यानंतर दर चार दिवसांनी तोडा मिळतो. ऋतू २८ दिवसांचा असतो. म्हणजे १३ तारखेला लावली तर तोडे २१ आणि २५ तारखेला, आणि १६ तारखेला लावली तरी २४ आणि २८ तारखेला. दोन्हीकडे तोडे दोनच! तीन दिवस हाताशी असताना आपण निवांत झोपायला हवे होते.

माझ्या मते घड्याळ काढले तर या खेळात करण्यासारखे फारसे काही उरत नाही. माझा सर्वांत आवडता क्षण सांगतो. लोहाराकडे झारी सुधारायला दिली की ती दोन दिवस मिळत नाही आणि तेवढ्यात पिकांना पाणी कोण घालणार, हा प्रश्न पडतो. मग रोज सकाळी दूरदर्शन संचावर हवामानाचा अंदाज बघायचा. उद्या पाऊस असे दिसले की आजचे पाणी घालून, दुकान चार वाजता बंद होण्याआधी झारी घेऊन धावत सुटायचे. दुसऱ्या दिवशी पावसात उभे राहून, आपण काहीही न करता सगळे वाफे भिजताना बघण्यात जे सुख आहे, ते वेळेची ओढ नसती तर मिळालेच नसते.

जुने_काडतूस:
दोघांनाही एक आठवण करून देतो. या प्रकारच्या खेळांचा मूळ वाडा म्हणजे जपानी ‘हार्वेस्ट मून’ मालिका आणि बॅरोन यांनीही प्रेरणा तिथूनच घेतली. हातात धरून खेळायच्या जुन्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर २००३ साली आलेल्या, याच मालिकेतल्या ‘फ्रेंड्स ऑफ मिनरल टाउन’मध्ये कोणत्याही घरात किंवा खाणीत पाऊल टाकले की घड्याळ थांबत असे. दुकानात शांतपणे विचार करता येई आणि बाहेर पडल्यावरच दिवस पुढे सरके. ही सोय त्या काळी होती, मग ती नंतरच्या खेळाने का टाकून द्यावी?

तळ्यात_मळ्यात:
कारण खाणीत वेळच सरकत नसेल, तर अंगात ताकद असेपर्यंत माणूस वर येण्याचे नाव घेत नाही आणि परत कधी फिरायचे, हा निर्णयच राहत नाही. दुकानात विचार करायचाच असेल तर एकट्याने खेळताना सामानाची यादी उघडावी. तेवढा वेळ घड्याळ थांबतेच. बुधवारी बियाण्याचे दुकान बंद असते, ते मात्र मीही दर आठवड्याला विसरतो.

कोरडवाहू:
आमच्या घरी कांदा असतो, म्हणून थोडे वेगळे सांगतो. या खेळात पार्सनिप या कंदभाजीचे बी २० मोहरांना मिळते आणि पीक ३५ मोहरांना जाते. तुम्ही पाच विका नाहीतर पाचशे, भाव पडत नाही. रात्री पेटीत माल टाकला की सकाळी पैसे जमा, आडत नाही, तोलाई नाही. माझ्या वडिलांना हे दाखवले तेव्हा ते म्हणाले, “मग अडचण कशाची आहे?” अडचण फक्त वेळेची आहे, आणि शेतीतली तेवढी एकच गोष्ट या खेळाने खरी ठेवली आहे, असे मला वाटते. वापसा आला, म्हणजे पावसानंतर जमीन पेरणीजोगी झाली, की पेरावेच लागते, तो आपल्या सोयीने थांबत नाही. खेळातही ऋतू पालटला की उभे पीक एका रात्रीत वाळून जाते आणि ते मला पटते. पण तासातासाचे घड्याळ शेतातले नाही, ते कारखान्याच्या भोंग्याचे आहे. मी असतो तर ऋतूची मुदत ठेवली असती आणि मध्यरात्रीनंतर कोसळणे काढून टाकले असते. रात्रपाळीच्या विजेवर पाणी देणारा माणूस दोन वाजता कोसळत नाही, तेव्हा तर त्याची पाळी सुरू होते.

उसंत:
तळ्यात_मळ्यात यांचा १६ तारखेचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला आणि तो बरोबर आहे. फ्लॉवर माझ्या घाईने गेला, हे मान्य करतो. कोरडवाहू यांची सूचना मला सर्वांत जवळची वाटते.

तरीही एक मुद्दा सोडणार नाही. स्विचवर खेळ साठवला (सेव्ह केला) जातो तो पात्र झोपल्यावरच. परवा मी यंत्र चार्ज करायला विसरलो आणि खेळात रात्रीचे पावणेबारा झाले असताना पडदा काळा झाला. त्या दिवशी खाणीतून आणलेले सगळे तांबे गेले. बैठ्या संगणकासाठी हा नियम ठीक असेल, पण जे यंत्र माणूस गाडीत, रांगेत, दवाखान्याच्या बाकावर उघडतो त्यासाठी चौदा मिनिटे हाही मोठा हप्ता आहे. २०१८ साली हाच खेळ आयफोनवर आणताना मध्येच उठावे लागले तरी दिवस वाया जाऊ नये म्हणून आपोआप साठवण्याची सोय दिली गेली. फोनवाल्यांना जे मिळाले ते आम्हाला का नको, याचे उत्तर कुणी दिले तर मी घड्याळाविरुद्धची तक्रार निम्मी मागे घेईन.

तळ्यात_मळ्यात:
या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तांबे किती होते?

उसंत:
एकसष्ट.