स्कूटरचा प्लग घरी बदलताना : तुमचे अनुभव सांगा

गेल्या रविवारी आमच्या स्कूटरचा स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनमध्ये पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारा भाग, मी पहिल्यांदा स्वतः बदलला. गाडी २०१६ ची, ११० सीसी, कार्ब्युरेटरवाली. महिनाभर सकाळी सेल्फ घेत नव्हती आणि चढावर मिसिंग करत होती. मॅन्युअल काढलं तर त्यात प्लग दर १२,००० किलोमीटरला बदलायला सांगितलेला. माझं मीटर १९,००० च्या पुढे गेलेलं, आणि प्लग मधे कधी बदलल्याचं मला तरी आठवत नाही.

इंजिन गार होऊ दिलं. झाकण काढलं आणि सायकलच्या पंपाने प्लगभोवतीची माती उडवली, कारण प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये जाते. प्लगवरची कॅप, जिच्यातून वायर येते ती, काही निघेना. वायर न ओढता नुसती कॅप धरून डावी-उजवी फिरवली तेव्हा सुटली. सीटखालच्या किटमध्ये १६ चा प्लग पाना होताच. नवा प्लग वॉशर टेकेपर्यंत बोटांनी फिरवला, मग पान्याने अर्धा फेरा. कॅप ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली तेव्हा वर गॅलरीतून बघत असलेल्या आईने टाळ्या वाजवल्या.

तुमची गाडी कुठली, प्लग कसा उघडला, आत काय दिसलं, काय चुकलं? जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे अनुभव तर नक्कीच हवेत.

पुणे

आमच्या घरी बजाजची जुनी चेतक स्कूटर होती. कित्येक वर्षं नंबर लावून मिळालेली, म्हणून बाबा तिला पावसात कधी उभी करत नसत. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं, लिटरला वीस मिली. पंपावरच्या माणसाचा हात जरा सैल पडला की प्लग तेलकट काळा होऊन बंद. त्यामुळे पुढच्या डिकीत तीन वस्तू कायम असायच्या. प्लग पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि जुन्या मोज्यात गुंडाळलेला एक साफ केलेला प्लग.

एकदा साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी बंद पडली. आई, धाकटा भाऊ आणि मी कठड्याशी उभे. बाबांनी प्लग बदलला, पण आत बसवताना पाना बाजूला ठेवून मला जवळ बोलावलं. “तुझी बोटं बारीक आहेत, तू लाव. पाना शेवटी. आधी बोटांना कळू दे, आटे बरोबर बसतायत का ते.” मी पाचवीत होते. प्लग गुळगुळीत फिरत आत गेला ती जाणीव माझ्या बोटांत अजून आहे.

बाबा गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते तिथलं अंतर, मोजायला हॅकसॉ ब्लेडचा तुकडा वापरायचे. त्याची जाडी साधारण ०.६५ मिलिमीटर, चेतकच्या प्लगला ती जुळायची. आताच्या बऱ्याच स्कूटरना ०.८ ते ०.९ लागतो. तिथे ब्लेड चालणार नाही, फिलर गेजच घ्या, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा.

कोल्हापूर

वरच्या ताई बोटांचं सांगतात ते लय मोलाचं आहे. मी ते केलं नाही, म्हणून लिहितोय. प्लग तिरपा धरला, पहिल्याच आट्याला जड लागलं, आणि वाटलं नवीन आहे म्हणून घट्ट असेल. लावला पान्याने जोर. इंजिनचं हेड, म्हणजे प्लग बसतो तो वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. आटे हेडचेच गेले. गाडी सुरू केल्यावर फस्‌ फस्‌ करून हवा बाहेर यायला लागली.

हेड उतरवून उद्यमनगरात लेथवर न्यावं लागलं. तिथे भोक मोठं करून हेलिकॉइल बसवून दिलं, म्हणजे तारेचे नवे आटे. गाडी चार दिवस उभी, आणि शंभर-सव्वाशेच्या प्लगपायी खर्च हजारांत गेला. लेथवाल्या काकांनी जाताना हातात पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा दिला आणि म्हणाले, हा प्लगच्या शेंड्यावर घट्ट बसव आणि पाइप फिरवून प्लग आत घाल. प्लग तिरपा गेला तर रबर आपोआप घसरतं, आटे खाऊच शकत नाही. आता तो पाइप किटमध्येच असतो. ज्यांच्या गाडीत प्लग खोल आहे, बोटं पोचत नाहीत, त्यांनी हे करून बघाच.

चिपळूण

आमच्याकडे जून ते सप्टेंबर प्लगपेक्षा कॅप जास्त त्रास देते. गाडी रात्रभर पागोळ्यांखाली राहिली की कॅपमध्ये पाणी शिरतं आणि करंट प्लगपर्यंत न जाता बाहेरच्या बाहेर इंजिनच्या अंगावर उतरतो. मी दोन पावसाळ्यांत दोन प्लग उगीच बदलले. तिसऱ्या वर्षी शेजारच्या दादाने कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसली, आणि गाडी त्याच प्लगवर सुरू झाली. कॅपचं रबर तडकलेलं होतं, तेवढं बदललं.

नागपूर

माझी गाडी २०२१ ची, म्हणजे बीएस-६, इंजेक्शनवाली. दुकानात गाडीचं नाव सांगितलं, त्यांनी दिला तो प्लग घेतला आणि बसवला. गाडी सुरू झाली, पण दोन दिवसांनी मीटरवर इंजिनचा दिवा लागला. जुना आणि नवा प्लग शेजारी ठेवल्यावर कळलं. जुन्याच्या नंबरात ‘आर’ होता, नव्याच्या नव्हता. आर म्हणजे आत रेझिस्टर. तो नसला की ठिणगीचा विद्युत गोंगाट कॉम्प्युटरपर्यंत जातो. बरोबर नंबरचा प्लग घातला आणि दिवा गेला.

म्हणून दुकानात जुना प्लग सोबतच न्या, जी. आट्याची जाडी, लांबी आणि नंबर, तिन्ही जुळायला पाहिजेत. लांबी चुकून जास्त झाली तर प्लग पिस्टनला लागू शकतो. दुसरी कंपनी घ्यायची असेल तर त्यांच्याच तक्त्यात आपली गाडी बघा. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, बॉशमध्ये नेमकं उलटं.

नाशिक

मी आयटीआयमध्ये पंचवीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला. मुलांना पहिल्या दिवशी सांगायचो, जुना प्लग काढलात की लगेच टाकू नका, उन्हात धरून बघा. इंजिन न उघडता त्याच्या पोटात डोकावायची तेवढीच एक जागा आपल्याला आहे.

आतलं चिनी मातीचं टोक चहात बुडवलेल्या खाऱ्या बिस्किटाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. आधी एअर फिल्टर बघा, चोक अडकलाय का बघा. ओलसर, तेलकट काळं आणि गाडी फोर-स्ट्रोक असेल, तर ऑइल वर चढतंय. रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेलं असतं. तिथे नवा प्लग घातलात तर तोही काही दिवसांत तसाच होईल. पांढरंफटक, फोड आल्यासारखं दिसलं तर इंजिन फार तापतंय, गाडी तशीच पळवू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने अशा पांढऱ्या प्लगवरून इनटेकच्या रबराची चीर शोधली होती. तिथून जादा हवा आत जात होती. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

आणखी तीन गोष्टी. ठिणगी पडते का ते बघताना प्लग हातात धरू नका आणि भोकाजवळही नेऊ नका, तिथे पेट्रोलची वाफ असते. इंजेक्शनच्या गाडीत कॅप मोकळी ठेवून सेल्फ मारू नका, ठिणगीचा करंट देणारी कॉइल जाऊ शकते. आणि तोच प्लग साफ करून परत बसवत असाल तर पान्याने अर्धा फेरा देऊ नका. वॉशर आधीच दबलेला असतो, जेमतेम एक अष्टमांश पुरतो.

धागाकर्ता

सर, तुमचं वाचून खाली गेलो आणि जुना प्लग शोधला. भंगाराच्या पिशवीत होता. इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झाल्यात. शेजाऱ्यांकडून फिलर गेज आणून मोजलं, गॅप १.१ निघाला. एवढं अंतर ओलांडायला करंट कमी पडत असणार, म्हणून सकाळी सेल्फ घेत नव्हती.

पण टोकावर कोरडी काजळी पण आहे, बोट काळं झालं. म्हणजे नवा प्लगही त्याच वाटेला जाईल. एअर फिल्टरचं झाकण उघडलं, तर कागदाच्या घड्या मातीने बुजलेल्या. नवा सांगून ठेवलाय, शनिवारी मिळेल. पाचशे किलोमीटर झाले की प्लग परत काढून रंग कळवतो. या वेळी पेट्रोल पाइपचा तुकडा घेऊन बसेन.