मदत हवी आहे: ११० सीसी स्कूटर घाटात दम सोडते

नमस्कार मंडळी,

साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कासच्या बाजूला माझं रोजचं येणं-जाणं आहे. स्कूटर ११० सीसीची, कार्बोरेटरवाली, आठ वर्षं जुनी. सपाटीवर अजूनही छान पळते. पण घाटात आई मागे बसली की वळणावर वेग एकदम कमी होतो. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. मागून एसटी आली की जीव मुठीत येतो.

एअर फिल्टर आणि प्लग नवीन टाकलेत, टायरमधली हवा बरोबर आहे, ब्रेक चाकाला घासून अडकत नाहीत. मेकॅनिक थेट बोअर-पिस्टनचं, म्हणजे इंजिन उघडून सिलिंडर-पिस्टनचं काम काढा म्हणतात. मला ते पटत नाही, कारण धूर नाही आणि ऑइलही कमी होत नाही. डावीकडचं कव्हर उघडलं तेव्हा आत बेल्टची काळी भुकटी साचलेली होती आणि व्हेरिएटरचे (बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरचा पुढचा भाग) रोलर एका बाजूने घासून चपटे झाले होते.

बेल्ट, रोलर बदलायचे हे नक्की. पण रोलर मूळ वजनाचेच घालू की थोडे हलके? हलक्या रोलरने इंजिन जास्त आरपीएमवर राहतं, चढाला जोर मिळतो हे समजतं, पण सपाटीवर ॲव्हरेज किती पडतं? क्लच शू (मागच्या चाकाला जोर पोहोचवणाऱ्या क्लचच्या घासपट्ट्या) सोबतच बदलावेत का? आणि खर्चाआधी इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घेऊ का?

घाटात रोज गाडी चालवणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा. पावसाळ्याआधी काम उरकायचंय.